भरीव स्तूप, पोकळ स्तूप : दीक्षाभूमीची इमारत कशी उभी आहे?

मागच्या व्याख्यानात आपण भिंत आणि कमान पाहिली. आज घुमट बघायचाय, आणि त्यासाठी नागपूरकरांना लांब जायला नको. दीक्षाभूमीचा स्तूप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. पण तो इमारत म्हणून कसा उभा आहे, हे आपण सहसा विचारत नाही.

आधी सांचीचा मोठा स्तूप घेऊ. अशोकाच्या काळातला विटांचा गाभा, त्यावर शुंगकाळात चढवलेलं दगडी आच्छादन. व्यास सुमारे 120 फूट. आत मात्र खोली नाही, दार नाही, सगळं भरीव. आपल्या विदर्भात पवनीला 1969-70 च्या उत्खननात सापडलेले स्तूपही असेच माती-विटांचे, भरीव. उपासक बाहेरून प्रदक्षिणा घालतो. आत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

भरीव रचनेचा फायदा असा की ती जवळजवळ ढिगासारखी उभी राहते. वजन सरळ खाली जमिनीत जातं. पोकळ घुमटाचं तसं नाही. त्याचा वरचा भाग दाबाखाली असतो, पण खालची कड बाहेर फाकू पाहते, म्हणजे तिथे ताण येतो. दगड आणि वीट दाब उत्तम सोसतात, ताण आला की तडकतात. म्हणून विजापूरच्या गोल गुंबजाला, 1656 च्या सुमारास, जवळपास 3 मीटर जाडीच्या भिंती द्याव्या लागल्या. फाकणं रोखायचं ते निव्वळ वजनाने.

विसाव्या शतकात याला दुसरा उपाय मिळाला : प्रबलित काँक्रीट, म्हणजे आपलं आरसीसी. काँक्रीट दाब घेतं, आतली सळई ताण घेते. पिंपाला लोखंडी पट्टी घालतात ना, तसंच काम घुमटाच्या तळाशी गोल फिरवलेल्या सळया करतात. मग भिंतींचा डोंगर रचावा लागत नाही.

दीक्षाभूमीचा आराखडा वास्तुविशारद शिवदान मल यांचा. काम 1978 मध्ये सुरू झालं आणि 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आकार सांचीची आठवण देणारा, घुमटाचा व्यासही सुमारे 120 फूट. पण हा स्तूप आतून पोकळ आहे. बाहेर दिसतो तो धोलपूरचा वालुकाश्म, शिवाय संगमरवर आणि ग्रॅनाइट. भार पेलतं काँक्रीट. दगड हे आवरण. हा फरक विद्यार्थ्यांनी पक्का लक्षात ठेवावा.

आता प्रश्न असा की एवढा खटाटोप कशासाठी? भरीव स्तूप बांधणं तर सोपं होतं. इथे इतिहास बघावा लागतो. 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो आत जाण्याच्या हक्कासाठी. तो काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या जागेवरच्या वास्तूला चारही दिशांना दारं आहेत, आणि आत हजारो माणसं एकत्र बसू शकतात. मधोमध बाबासाहेबांचा अस्थिकलश आहे.

सांचीचा स्तूप अवशेष जपतो. नागपूरचा स्तूप अवशेषही जपतो आणि माणसांनाही आत घेतो. त्यासाठी घुमट पोकळ हवा होता, आणि पोकळ घुमटासाठी ताण सोसणारं साहित्य हवं होतं. बांधकाम साहित्याचा अभ्यास आपण करतो तो यासाठीच. कोणतं साहित्य हाताशी आहे, यावर इमारतीत माणसाला जागा किती मिळणार, हे बरंचसं ठरतं.

पुढच्या वेळी चुना आणि सिमेंट यांच्याकडे वळू. आता प्रश्न घेऊया.