खेळाडूचें दुसरें आयुष्य

खेळाडूचें पहिलें आयुष्य बहुधा चाळिशीच्या आंतच संपतें. पुढें त्याच्या नांवाचें काय होतें, याचा विचार इतिहासकारांनीं फारसा केलेला नाहीं. कार्लो अँचेलोत्ती या इटालियन गृहस्थाचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. उत्तर इटलींतील रेज्जोलो गांवच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १९८९ व १९९० सालीं फुटबॉलचा युरोपीय चषक जिंकणाऱ्या मिलान संघांत होता. परंतु आज ज्यांना त्याची ती उंचावलेली डावी भुवई परिचयाची आहे, त्यांपैकीं बहुतेकांनीं त्याला खेळतांना पाहिलेलेंच नाहीं! त्याची ही कीर्ति प्रशिक्षकाची. २००३ ते २०२४ या काळांत त्याच्या हाताखालीं मिलाननें दोनदां व रेआल माद्रिदनें तीनदां तोच चषक नेला. आणि २०२५ सालीं ब्राझीलनें आपला संघ त्याच्या हवालीं केला.

ही केवळ एका माणसाची हुषारी नव्हे. फ्लॉरेन्सजवळ कोव्हर्चानो येथें प्रशिक्षकांची शाळा आहे. तेथें नामांकित खेळाडूसही विद्यार्थी होऊन प्रबंध लिहावा लागतो, आणि अँचेलोत्तीनें तो लिहिला. त्याचे गुरु आरिगो साक्की हे तर मोठे खेळाडू कधींच नव्हते. ते पूर्वीं जोडे विकण्याचा धंदा करीत. शिकविणें ही खेळण्याहून निराळी विद्या आहे, हें त्या देशानें ओळखलें.

हा प्रपंच मांडण्याचें कारण आमच्याच जिल्ह्यांत आहे. धाराशिवची सारिका काळे २०१६ सालीं गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार होती. घरीं मिळकत तुटपुंजी, आई शिवणकाम करी, आणि कित्येक वर्षें दिवसांतून एकदांच जेवण, असें तिनें स्वतःच सांगितलें आहे. त्याच सालीं तिनें खेळ सोडण्याचें मनांत आणलें होतें. तिचे मार्गदर्शक चंद्रजित जाधव यांनीं समजूत घातली, म्हणून ती मैदानावर परतली. २०२० सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खो-खोच्या वांट्यास बावीस वर्षांनीं आलेला! तेव्हां ती तुळजापुरास क्रीडा अधिकारी होती.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं या खेळाचे नियम बांधले, त्यास शतक उलटून गेलें. तरी आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस क्रिकेटचे आंकडे मुखोद्गत असतात, खो-खोचे नाहींत. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. गुरूंची उपेक्षा तर याहून जुनी आहे. शिष्याच्या नांवाचा अर्जुन पुरस्कार १९६१ सालीं निघाला, आणि द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ सालीं. मधलीं चोवीस वर्षें आमच्याकडे अर्जुन होते, द्रोण नव्हते.

१९ जानेवारी २०२५ रोजीं दिल्लींत भारतीय मुलींनीं नेपाळवर ७८–४० अशी मात करून पहिला विश्वचषक जिंकला. त्यांचा जयजयकार झाला, तो योग्यच होता. पण या मुली मैदान सोडतील तेव्हां त्यांचें ज्ञान कोणत्या हातीं जावयाचें? पतियाळा येथें प्रशिक्षक घडविणारी राष्ट्रीय संस्था १९६१ पासून आहे, नाहीं असें नाहीं. मात्र धाराशिवहून पतियाळा दूर. आणि जिच्या घरीं दोन वेळच्या जेवणाची भ्रांत, ती मुलगी मिळेल ती पहिली नोकरी धरील कीं शिकविण्याची विद्या शिकावयास पंजाबांत जाईल?