दोन्ही पायांना मुंग्या येतात? पॉलिन्यूरोपॅथीची कारणे आणि प्रकार

बोलताना आपण ‘नस’ म्हणतो तेव्हा कधी रक्तवाहिनी अभिप्रेत असते, तर कधी मज्जातंतू. हा लेख मज्जातंतूंविषयी आहे. मनगटात किंवा कमरेत एखादा मज्जातंतू दाबला गेला की त्रास बहुधा एकाच बाजूला होतो. दोन्ही पायांना सारख्याच मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा येत असेल, तर कारण बहुतेक वेळा संपूर्ण शरीराशी संबंधित असते. याला पॉलिन्यूरोपॅथी म्हणतात.

सुरुवात पावलांपासूनच का?

कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब, सुमारे एक मीटरचे असतात. इजा आधी त्यांच्या टोकाला जाणवते. बधिरपणा हळूहळू वर सरकतो आणि गुडघ्यांपर्यंत पोहोचतो, त्या सुमारास हातांच्या बोटांनाही त्रास सुरू होतो; जणू मोजे आणि हातमोजे घातले आहेत. चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही, ही तक्रार अनेक रुग्ण करतात.

कारणे

सर्वांत मोठे कारण मधुमेह. त्याखालोखाल आपल्याकडे विचार करावा लागतो तो बी-१२ च्या कमतरतेचा. हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसते, त्यामुळे दूध-दहीही फारसे न घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींना धोका जास्त. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होऊ शकते. अशा वेळी सगळा दोष साखरेवर टाकून चालत नाही. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणजे बी-१२ ही ठीक असेल, असेही समजू नका.

दारू, मूत्रपिंडाचे आजार, केमोथेरपीची काही औषधे आणि काही आनुवंशिक आजार हीदेखील कारणे आहेत. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे हा त्रास होऊ नये म्हणून सोबत बी-६ देतात. मात्र तेच बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा करते. मेडिकलमधून ‘नसांच्या गोळ्या’ स्वतःच आणून महिनोन्‌महिने घेऊ नका.

कुष्ठरोगही मज्जातंतूंवर हल्ला करतो, पण बहुधा दोन्ही बाजूंना सारखा नाही. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

प्रकार

संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंना इजा झाली तर बधिरपणा आणि जळजळ होते. स्नायू चालवणाऱ्या तंतूंना झाली तर अशक्तपणा येतो. स्वायत्त तंतू बिघडले, तर उभे राहताच चक्कर येणे किंवा लघवीच्या तक्रारी दिसतात.

वेग त्याहून महत्त्वाचा. मधुमेहातील त्रास वर्षांच्या हिशेबात वाढतो. गुइलेन-बॅरे सिंड्रोममध्ये (जीबीएस) मात्र काही दिवसांत, कधी काही तासांत पायांची ताकद जाते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रोड परिसरात याचेच रुग्ण वाढले होते. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पाय लुळे पडू लागले, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. अचानक दोन्ही पायांतली ताकद जाऊन लघवी अडली, तरीही तेच करा. तेव्हा दोष मणक्यात असू शकतो.

तपासण्या

डॉक्टर साखर, बी-१२, क्रिएटिनिन, थायरॉइड तपासतात आणि गरजेनुसार नर्व्ह कंडक्शन टेस्ट करतात. ही टेस्ट जाड तंतूंचीच असते. ती नॉर्मल येऊनही पाय जळत असतील, तर दोष बारीक तंतूंमध्ये असू शकतो. संवेदना कमी झाली असेल, तर गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने पाणी तपासा आणि रोज रात्री तळवे पाहा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा.