घरचा साचा : आपल्या विद्येची वही

इतिहास म्हटला म्हणजे सनदा, बखरी व शिलालेख ह्यांचेच स्मरण होते. आपल्या सुतार ज्ञातीच्या पूर्वजांनी असे लेख फारसे मागे ठेवले नाहीत. त्यांची विद्या लाकडातच नोंदलेली आहे, आणि ती नोंद म्हणजे पडवीच्या आढ्याला टांगलेला, स्वतःच्या हातांनी घडविलेला साचा होय.

त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुताराची गणना आहे. दिंडोरी तालुक्यासारख्या शेतीप्रधान मुलखात हा मान कशामुळे मिळाला, हे बैलगाडीच्या चाकावरून ध्यानी येते. वर्तुळाची त्रिज्या त्याच्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते. म्हणून सहा पुठ्ठ्यांच्या चाकासाठी एकाच पुठ्ठ्याचा फळीचा साचा पुरतो. परंतु त्या साच्यात एका सुताची, म्हणजे अष्टमांश इंचाची, चूक राहिली, तर सहा पुठ्ठ्यांत ती पाऊण इंच होते आणि लोहाराने तापवून आणलेली धाव चाकावर नीट बसत नाही.

तिफणीचेही तसेच. तिच्या फणांमधील अंतर आणि कोळप्याची रुंदी ह्यांचा मेळ नसेल, तर कोळपे तणाबरोबर पीकही कापते. ते अंतर राखणारी मापकाठी घरोघर जपली जाई. कुणब्याचे वर्षाचे अन्न अशा एका काठीवर अवलंबून असे.

वाड्यांच्या चौकटींवरील नक्षीदार कड गलत्याच्या रंध्याने काढीत. त्या रंध्याचा तळ व पाते हव्या त्या घाटाचे असल्याने तो स्वतःच एक साचा होता. आजचे राऊटर यंत्र त्याचेच विजेवर फिरणारे भावंड होय. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील कार्टर ह्यांनी असे हातयंत्र प्रचारात आणले व १९२९ साली तो व्यवसाय स्टॅन्ले कंपनीकडे गेला. यंत्र मेजाखाली उलटे बसविले, की पाते वर येते आणि हत्याराऐवजी लाकूड सरकवावे लागते.

येथेच घरच्या साच्याची पुन्हा गरज पडते. पेटीचा दातेरी सांधा करावयाचा असल्यास सरकत्या आधारफळीत पात्याच्या रुंदीची खाच पाडावी आणि तिच्या शेजारी तेवढ्याच जाडीची खुंटी ठोकावी. पाते १२ मिलिमीटरचे असेल, तर खाच १२, मधले अंतर १२ आणि खुंटीही १२ मिलिमीटर. पडलेली प्रत्येक खाच खुंटीवर बसवून पुढची पाडीत जावे. अंतर वाढले, तर दाते खाचांत शिरत नाहीत. घटले, तर सांधा सैल पडतो. मागे आधार असल्याने लाकूड तडकत नाही. मिनिटास दहा ते पंचवीस हजार फेरे घेणाऱ्या पात्यापासून बोटे दूर राहतात, हा लाभ तर सर्वांत मोठा.

दिंडोरीच्या शेजारी ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला व तेथे मिग विमाने बनू लागली. विमानाचे भागसुद्धा साच्यांत घट्ट धरूनच छेदले व जोडले जातात. पुठ्ठ्याच्या फळीतील तत्त्व आणि तेथील पोलादी साच्यातील तत्त्व एकच आहे. आपल्या तरुणांनी यंत्रविद्येकडे परकेपणाने पाहण्याचे कारण नाही.

मात्र एक खंत सांगितल्यावाचून राहवत नाही. रबरी टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, आणि चाकांचे व तिफणींचे साचे निरुपयोगी ठरून चुलीत जाऊ लागले. एक साचा जळतो, तेव्हा अनेक पिढ्यांचा हिशेब जळतो. ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती, की घरातील जुना साचा टाकण्यापूर्वी तो वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावा, कोणत्या कामाचा व कोणाच्या हातचा हे विचारून त्याच्या पाठीवरच लिहून ठेवावे. सांगणारे आहेत तोवरच हे होणे शक्य आहे.