जुन्या चाली, नवा सण

जुन्या चालीवर नवे शब्द बसविणें हें प्रतिभेच्या दारिद्र्याचें लक्षण होय, असें पुष्कळांस वाटतें. योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराच्या 'ख्रिसमस ओराटोरिओ'चा इतिहास पाहिला म्हणजे या मताचा फेरविचार करावा लागतो.

बाख हा १७२३ पासून लाइपत्सिग येथील सेंट थॉमस शाळेचा व नगराचा संगीतप्रमुख होता. त्या गांवीं नाताळापूर्वींच्या आगमनकालांत पहिला रविवार सोडला तर चर्चमध्यें वाद्यांसह गायन बंद असे. ही सक्तीची विश्रांति. पण बाखला ती कसली! १७३४ च्या २५ डिसेंबरपासून १७३५ च्या ६ जानेवारीपर्यंत सहा दिवशीं गावयाचे सहा खंड त्याला वेळेवर सिद्ध करावयाचे होते, शाळेंतील मुलांकडून बसवून घ्यावयाचे होते.

या कृतींतील बरींचशीं मोठीं समूहगीतें व एकलगीतें नवीं नव्हत. १७३३ सालीं सॅक्सनीच्या राजघराण्यांतील वाढदिवसांसाठीं रचलेल्या स्तुतिगीतांतून तीं घेतलेलीं आहेत. पहिला खंड नगाऱ्यानें सुरू होतो, कारण मूळ शब्दांत नगाऱ्यालाच वाजण्याची आज्ञा होती. तरुण हर्क्युलिसास मोहांत पाडण्याकरितां विलासदेवतेनें गाइलेलें निद्रागीत येथें बाळ येशूचें अंगाईगीत झालें. मात्र बाखनें पट्टी खालीं उतरविली आणि उंच आवाजाऐवजीं ढाल्या आवाजास तें दिलें. येशूची जन्मकथा सांगणारे भाग तर त्यानें नव्यानेंच रचिले.

आम्हांस ही उसनवारी वाटत नाहीं. राजपुत्राचा वाढदिवस एकदां झाला कीं त्या गीताचें काम संपलें. नाताळ दर वर्षीं येतो. क्षणिक प्रसंगास दिलेली उत्तम चाल वायां जाऊं नये, ती टिकाऊ प्रसंगाशीं जोडावी, हा विवेक त्यांत आहे. आपणांस तो परका नाहीं. १९१६ च्या 'संगीत स्वयंवरां'त भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालांतील चिजांवर नाट्यपदें बसविलीं, तेव्हां त्या चिजांचें मोल उतरलें असें कोणता रसिक म्हणेल?

तरीही काळाची थट्टा पाहावी. बाख १७५० त वारला आणि हे सहाही खंड मागें पडले. ते पुन्हां समग्र ऐकूं आले ते १८५७ त, बर्लिन येथें. आज नाताळांत ते देशोदेशीं गाइले जातात. चाल टिकावी म्हणून कर्त्यानें तिला सणाचा आसरा दिला. पण सण दर वर्षीं आला तरी चाल आठवणारीं माणसें लागतात, हें त्या शंभरांवर मुक्या वर्षांनीं दाखवून दिलें.