व्यवसाय शिक्षणातील प्रगतीचे निकष

व्यवसाय शिक्षणातील प्रगतीचे निकष : व्यवसाय शिक्षण घेणारा विद्यार्थी पुढील टप्प्यास पात्र झाला आहे की नाही, हे ठरविण्यासाठी लावण्यात येणाऱ्या कसोट्या. उपस्थिती, लेखी परीक्षेतील गुण, प्रात्यक्षिकातील कौशल्य आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याची कालमर्यादा ह्या त्यांपैकी प्रमुख होत. ह्या कसोट्यांच्या मुळाशी दोन भिन्न तत्त्वे आहेत. पहिल्या तत्त्वानुसार ठराविक काळ शिक्षण घेऊन विवक्षित गुण मिळविणारा विद्यार्थी पात्र ठरतो. एका विषयातील उणीव दुसऱ्या विषयाने अंशतः भरून निघू शकते. दुसऱ्या तत्त्वानुसार प्रत्येक आवश्यक कौशल्य स्वतंत्रपणे करून दाखवावे लागते; त्यास लागणारा काळ कमीअधिक असू शकतो, परंतु उणीव शिल्लक ठेवता येत नाही. व्यवसाय शिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी ह्या दोन तत्त्वांची सांगड घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

ऐतिहासिक आढावा : प्राचीन भारतात कारागिरीचे शिक्षण गुरुगृही राहून घेतले जाई. याज्ञवल्क्यस्मृती व नारदस्मृती ह्यांत शिकाऊ कारागिरासंबंधीचे नियम आढळतात. शिल्प लवकर अवगत झाले, तरी शिष्याने ठरलेली मुदत संपेपर्यंत गुरूकडेच राहावे आणि त्या काळातील त्याच्या कामाचे फळ गुरूस मिळावे, असा त्यांतील दंडक आहे. म्हणजे येथे कौशल्यापेक्षा मुदत निर्णायक होती. तिच्यामागे शिक्षणाचा विचार होता, तसाच गुरूने केलेल्या खर्चाच्या परतफेडीचाही होता. मध्ययुगीन यूरोपातील कारागीर श्रेणींमध्ये शिकाऊ, फिरता कारागीर व उस्ताद अशा पायऱ्या होत्या. मुदत भरल्यानंतर उस्तादपद मिळविण्यासाठी अनेक ठिकाणी स्वहस्ते घडविलेली वस्तू श्रेणीपुढे ठेवावी लागे. दोन्ही तत्त्वे तेथे एकत्र आलेली दिसतात.

एकोणिसाव्या शतकात कारखानदारी वाढली आणि कार्यशाळेची जागा शाळेने घेतली. मुंबई इलाख्यात १८५४ साली पुण्यास अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला; १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (१९९७ पासून वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था) स्थापन झाली. १८९० साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांनी बडोद्यास कलाभवन सुरू केले. तंत्रविद्या स्वभाषेतून शिकविणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. विद्यार्थ्याचे इंग्रजीचे ज्ञान आणि त्याचे व्यवसायातील कौशल्य ह्या दोन निराळ्या गोष्टी होत, हा विचार त्यामुळे प्रत्यक्षात उतरला.

भारतातील निकष : १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने सत्र पुरे करण्याची, म्हणजेच ‘टर्म भरण्याची’, पद्धत रूढ केली. उपस्थिती पुरेशी नसेल, तर परीक्षेस बसता येत नसे. ह्याच परंपरेतून ‘ए. टी. के. टी.’ ही सवलत आली. ठराविक मर्यादेपर्यंत विषय राहिले असले, तरी पुढील वर्गाचे सत्र भरण्याची मुभा तीमुळे मिळते. एका विषयासाठी वर्ष वाया जाऊ नये हा तिचा हेतू असून, गरीब कुटुंबातील विद्यार्थ्यास तिचा मोठा आधार वाटतो. मात्र पाया कच्चा राहिलेला विषय पुढील विषयांस आधारभूत असेल, तर अडचण वाढत जाते.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व तिच्याद्वारे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे (आय. टी. आय.) जाळे पसरले. १९५६ साली राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते. २०१८ नंतरच्या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिकास ६० टक्के, तर लेखी विषयांस ३३ टक्के किमान गुण ठेवलेले आहेत. हातातील कामाला दिलेले हे अधिक वजन लक्षणीय आहे. महाराष्ट्रात १९८८-८९ पासून उच्च माध्यमिक स्तरावर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू करण्यात आले. ‘किमान कौशल्य’ हा शब्दप्रयोगच दुसऱ्या तत्त्वाचा द्योतक होय. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. कौशल्य कोठे व किती काळात मिळविले ह्यापेक्षा ते कोणत्या पातळीचे आहे, हे त्यात महत्त्वाचे मानले आहे.

अमेरिकेतील व्यवसाय महाविद्यालयांत प्रगतीच्या निकषांची सांगड शासकीय अर्थसाहाय्याशी घातलेली आहे. तेथे गुणांची सरासरी, पूर्ण केलेल्या अभ्यासाचे प्रमाण व कालमर्यादा पाहिली जाते. पदवीपूर्व अभ्यासक्रम त्याच्या विहित लांबीच्या १५० टक्क्यांच्या आत पूर्ण न झाल्यास साहाय्य थांबते. आजारपणासारख्या कारणास्तव अपील करण्याची सोय असते.

तारकर्ली येथील उदाहरण : सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या दक्षिणेस कर्ली नदीच्या मुखाजवळ वसलेल्या तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा ह्यांचे शिक्षण देणारी संस्था उभारली आहे. पाणबुड्यांचे शिक्षण श्रेणीबद्ध असते. १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘पॅडी’ ह्या संघटनेचा श्रेणीक्रम जगभर प्रचलित आहे. त्यातील ‘ओपन वॉटर’ ह्या प्रारंभिक प्रमाणपत्रासाठी २०० मी. पोहणे, १० मिनिटे पाण्यावर तरंगणे आणि खुल्या पाण्यात चार बुड्या पूर्ण करणे आवश्यक असते. मुखवट्यात शिरलेले पाणी काढणे, सुटलेली श्वसननळी पुन्हा तोंडात घेणे, सोबत्याच्या टाकीतील हवा घेणे ही कौशल्ये एकेक करून दाखवावी लागतात. ह्या प्रमाणपत्राची शिफारस केलेली खोली १८ मी. आहे. पर्यटकांच्या मार्गदर्शकाचा, म्हणजे ‘डाइव्हमास्टर’चा, अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी वयाची १८ वर्षे, बचावकार्याचे प्रमाणपत्र आणि ४० बुड्यांची नोंद लागते.

येथे सरासरी चालत नाही, ह्याचे कारण निसर्गनियमांत आहे. समुद्रात १० मी. खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सु. दुप्पट होतो. त्या खोलीवर फुप्फुसांत भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर येताना दुप्पट प्रसरण पावू पाहते आणि फुप्फुसांस इजा होते. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळाले, तरी ही एक चूक भरून निघत नाही. शिवाय तारकर्ली–मालवण किनाऱ्यावर येणारे बहुतेक पर्यटक स्वतः प्रशिक्षित नसतात. त्यांची सुरक्षितता पूर्णपणे सोबतच्या मार्गदर्शकावर अवलंबून असते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीनजीक पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. ही दुर्घटना पाण्याखालील नव्हती. परंतु नौका चालविण्यापासून बुडी मारण्यापर्यंत समुद्रावरील प्रत्येक कामात पात्रतेचा प्रश्न इतरांच्या जीविताशी निगडित असतो, हे तीवरून स्पष्ट झाले.

ह्या किनाऱ्यावर शिक्षणाची आणखी एक जुनी परंपरा आहे. रापणीच्या मासेमारीत होडीने अर्धवर्तुळात टाकलेले जाळे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाचे असते. वारा, प्रवाह व तळ ह्यांची पारख तेथे परीक्षेविना, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने होते. असे ज्ञान असलेल्या तरुणास प्रमाणपत्राअभावी अकुशल मानणे अन्यायाचे ठरते. उलट, समुद्र परिचयाचा आहे म्हणून संपीडित हवेचे नियम त्यास माहीत असतील, असेही गृहीत धरता येत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वार्जित कौशल्यास मान्यता देण्याची तरतूद आहे. येत असलेले कौशल्य मोजून उणीव तेवढीच शिकविणे, हा तिचा गाभा आहे.

मूल्यमापन : कठोर निकष आणि विद्यार्थ्यास संधी ह्यांत मुळात विरोध नाही. काळ, भाषा व शुल्क ह्यांबाबत सवलत देता येते. ज्या कौशल्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याबाबत ती देता येत नाही. ‘ए. टी. के. टी.’ने विद्यार्थ्याचे वर्ष वाचविले, तर कौशल्यनिहाय कसोटीने त्याच्या हाती येणाऱ्या माणसांचे रक्षण केले. कोणत्या विषयात उणीव तात्पुरती चालेल व कोणत्यात मुळीच चालणार नाही, हे प्रत्येक व्यवसायात आधी ठरविणे, हे प्रगतीचे निकष घडविणाऱ्यांचे खरे काम होय.