शाळेचं ग्रंथालय: कपाटातली पुस्तकं मुलांच्या हातात कशी येतात?

शाळेत ग्रंथालय आहे का, असं विचारलं तर अनेक ठिकाणी उत्तर 'हो' असं मिळतं. ते असतं कार्यालयातल्या लोखंडी कपाटात. किल्ली एका शिक्षकांकडे असते आणि नेमके तेच त्या दिवशी रजेवर असतात. कागदावर ग्रंथालय आहे, पण मुलांनी ते पाहिलेलं नाही. घरी पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नसलेल्या मुलाचं यात सर्वाधिक नुकसान होतं, कारण त्याच्यासाठी गोष्टीच्या पुस्तकाचा बहुधा तोच एक मार्ग असतो.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेतल्या किमान सोयींची यादी आहे. त्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं. तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. ही रक्कम शाळेच्या स्तरानुसार ठरते.

मग कुलूप का लागतं?

प्राथमिक शाळेत सहसा स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. वर्गशिक्षकच हे काम जास्तीचं म्हणून सांभाळतात. प्रत्येक पुस्तकाची नोंद असते. तपासणीच्या वेळी किंवा बदलीनंतर कार्यभार सोपवताना हा हिशोब जुळावा लागतो. पुस्तक हरवलं तर जाब आपल्यालाच विचारला जाईल, या भीतीने ते कपाटातच सुरक्षित ठेवलं जातं.

रंगनाथन यांची पाच सूत्रं

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पहिल्या सूत्राबद्दल लिहिताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांची आठवण दिली. तिथे पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असत. ही पाचही सूत्रं आजच्या शाळेला लागू पडतात.

१. पुस्तकं वापरण्यासाठी असतात. मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडणी हवी. त्यासाठी भिंतीवर बांधलेली दोरी आणि कपड्यांचे चिमटेही पुरतात. हाताळलेली पुस्तकं फाटणारच, हे शाळेने आधीच धरून चालायला हवं.

२. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. सातवीतला एखादा मुलगा अडखळत वाचत असेल, तर त्याला मोठी अक्षरं आणि भरपूर चित्रं असलेलं पुस्तक हवं. ते 'पहिलीचं पुस्तक' म्हणून त्याच्या हातात दिलं, तर तो पुन्हा ग्रंथालयाकडे फिरकणार नाही. कुणाला प्राणी आवडतात, कुणाला क्रिकेट, कुणाला यंत्रं. निवड मुलांची असावी.

३. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. शिक्षकांनी गोष्ट मोठ्याने वाचावी आणि ऐन रंगात आली की थांबावं. मग पुढचं वाचण्यासाठी मुलं स्वतःच पुस्तक मागतात. परिपाठात एखाद्या विद्यार्थ्याने दोन मिनिटं आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोललं, तरी त्या पुस्तकाला नवे वाचक मिळतात.

४. वाचकाचा वेळ वाचवा. देवघेवीचा वार आणि वेळ ठरलेली असावी. नोंदवही मोठ्या वर्गातल्या मुलांकडे दिली की शिक्षकांचा भार हलका होतो आणि मुलांना पुस्तकं आपली वाटू लागतात.

५. ग्रंथालय वाढतं राहतं. देणगीत आलेली जुनी गाईडं वेळोवेळी बाजूला काढावी लागतात. नव्यासाठी मोफत पर्यायही आहेत. 'बालभारती'चं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी डाउनलोड करता येतात.

वाचनाची गोडी कशामुळे जाते?

प्रत्येक पुस्तकानंतर 'सारांश लिहून आणा' म्हटलं की वाचन हा आणखी एक गृहपाठ होतो. उशीर झाल्याबद्दल दंड बसला, तर मूल पुस्तक नेणंच बंद करतं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, महाराष्ट्रातल्या शाळांत 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. तो एका दिवसात संपू नये म्हणून वेळापत्रकात दर आठवड्याला वाचनाची तासिका लागते. त्या तासाला शिक्षकही स्वतःचं पुस्तक घेऊन बसले, तर आणखी चांगलं.

पालकांनी काय विचारावं?

शाळेत किती पुस्तकं आहेत, यापेक्षा गेल्या महिन्यात किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारावं. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर शिक्षकांना दोष दिला जाणार नाही, असं समितीने मुख्याध्यापकांसोबत बसून ठरवलं, तर कपाट उघडं ठेवणं शिक्षकांना सोपं जातं.