गिरमिट आणि ते फिरवणारा हात

सुताराच्या पेटीतले गिरमिट तुम्ही पाहिलेच असेल. खाली धारदार टोक, त्याच्या वर मळसूत्रासारखा पिळा आणि माथ्यावर आडवी मूठ. हत्यार तसे साधेच. पण जरा लक्ष देऊन पाहा, त्यात कामे तीन आहेत. टोक कापते, पिळा कापलेला भुसा वर काढतो आणि मूठ धरणारा माणूस ते फिरवतो. या तीन कामांपैकी पहिली दोन शेकडो वर्षे जवळजवळ जशीच्या तशी राहिली आहेत. बदलत गेला तो फिरवणारा. या बदलाचा इतिहास आपल्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीपर्यंत घेऊन येतो.

माजरी हे भद्रावती तालुक्यातले गाव. वर्ध्याहून बल्लारशाला जाणाऱ्या लोहमार्गावरचे जंक्शन. येथून एक फाटा वणीकडे जातो. वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळशाचे थर आहेत. इंग्रजी अमदानीत वरोऱ्याला सरकारी खाण चालली आणि ती 1906 साली बंद झाली. पण खोऱ्यातला कोळसा काही संपला नव्हता. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी अशी नावे कोळशाशी जोडली गेली. 1973 साली या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 1975 साली नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. माजरी हे तिचे एक क्षेत्र.

आता तुम्ही विचाराल, कोळशाच्या खाणीत गिरमिटाचे काय काम? सांगतो. कोळशाची भिंत नुसत्या कुदळीने किती फोडणार? तिच्यात आधी भोक पाडायचे, त्यात सुरुंगाचे काडतूस सारायचे, तोंड मातीच्या गोळ्यांनी ठासून बंद करायचे आणि मग दुरून बार उडवायचा. दीड मीटरच्या आसपास खोल असे भोक पाडायचे म्हणजे लांब दांड्याचे गिरमिटच हवे. दगडाला ठोकून भोक पडते. विहिरीच्या कामावर पहार आणि घण घेऊन सुरुंगाचे भोक पाडणारे लोक तुम्ही पाहिले असतील. कोळसा मात्र त्या मानाने मऊ, तो फिरवून कापता येतो. अमेरिकेच्या खाणीत एकोणिसाव्या शतकात मजूर छातीला एक फळी बांधून तिच्यावर गिरमिटाचे बूड टेकवीत, अंगाचा सगळा भार देत आणि दोन्ही हातांनी ते फिरवीत. जोर छातीचा आणि पीळ मनगटाचा!

हा पीळ दुसऱ्या कोणाकडून घ्यावा, ही कल्पना फार जुनी आहे. आपल्या सुताराने सामत्याला धनुकली लावली आणि दोरीकडून फिरवण्याचे काम घेतले. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी चार हजार वर्षांपूर्वी अकीकाच्या लांब मण्यांना बारीक भोके पाडली, ती अशाच फिरत्या टोकाने. पुढे वीज आली. 1889 साली मेलबर्नमध्ये आर्नॉट आणि ब्रेन या दोघांनी विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले, आणि गंमत पाहा, ते यंत्र घरगुती कामासाठी नव्हते, खडक आणि कोळसा पोखरण्यासाठी होते. 1895 साली जर्मनीत फाइन यांच्या कारखान्याने हातात धरून चालवायचे ड्रिल केले. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप असलेल्या ड्रिलचे पेटंट 1917 साली मिळाले. याच कंपनीने 1961 साली वायरच काढून टाकली आणि मुठीत बॅटरी बसवली.

बॅटरीमुळे गिरमिट कुठेही नेता येऊ लागले. अगदी चंद्रावरसुद्धा! 1971 साली अपोलो 15 च्या यात्रिकांनी बॅटरीच्या ड्रिलने चंद्राच्या मातीत भोके पाडली. ती 3 मीटर खोल व्हायची होती, पण बरीच उथळ राहिली. मोटर अपुरी पडली म्हणावे, तर तसे नव्हते. जोडनळ्यांच्या सांध्यांपाशी पिळ्याची खाच तुटत होती, त्यामुळे भुकटी वर न येता तिथेच अडकून बसली. 1972 मध्ये अपोलो 16 साठी खाच अखंड केली आणि भोक हवे तितके खोल गेले. म्हणजे मोटर कितीही नवी असो, जुन्या पिळ्याला आपले काम करता आले पाहिजे.

फिनलंड, कॅनडा अशा थंड मुलखात तळी गोठतात. तिथले लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. पूर्वी हे गिरमिट दोन्ही हातांनी फिरवीत, आता पुष्कळ जण त्याची मूठ काढून वर बॅटरीचे ड्रिल जोडतात. थंडीने बॅटरी मंदावते, म्हणून ती कोटाच्या आत उबेला ठेवतात. बर्फाच्या आरपार जाताच सगळे पाण्यात पडू नये म्हणून वर एक रुंद चकती बसवतात. आणि पाते बर्फात अडकले की ड्रिलच उलटे फिरून मनगट पिरगाळते, म्हणून बाजूला जादा दांडी धरतात.

मग हेच सुटसुटीत ड्रिल भूमिगत खाणीत का नेऊ नये? कारण तिथे ठिणगीची भीती. कोळशातून मिथेन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के झाले की एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून भूमिगत खाणीतल्या ड्रिलची मोटर जाड, ज्वालारोधक पेटीत बसवलेली असते. ही पेटी ठिणगी थांबवीत नाही. आत भडका उडालाच तर त्याची आच अरुंद फटींतून बाहेर येईपर्यंत निवते, असे तिचे सांधे घडवलेले असतात. हाती धरायच्या यंत्राला 1956 च्या विद्युत नियमांनी 125 व्होल्टची मर्यादाही घातली. पेटी जाड म्हणून यंत्र जड, आणि मागे केबलचे शेपूट. उघड्या खाणीत सुरुंगाची भोके मोठी यंत्रे पाडतात, पण भूमिगत खाणीत हे जड गिरमिट माणसालाच पेलावे लागते.

वाचकहो, विज्ञानाने हाताचे कष्ट वाचवले हे खरेच. पण दोन गोष्टी यंत्राने आपल्याकडे घेतल्या नाहीत. मोटर दांड्याला जितका पीळ देते तितकाच उलटा पीळ धरणाऱ्याच्या मनगटात येतो. आणि पिळा जी भुकटी बाहेर काढतो, ती त्याच माणसाच्या श्वासात जाते. वर्षानुवर्षे ती छातीत साठली की फुप्फुसे निकामी होतात. भोकात पाणी सोडले तर धूळ तिथेच बसते, भक्कम दांडी असली तर मनगट वाचते. उपाय काही अवघड नाहीत, पण ते कामाच्या गर्दीत टाळता कामा नयेत. तेव्हा नवे यंत्र आले की ते किती वेगाने फिरते हे जरूर विचारा, पण त्याआधी हे विचारा, की त्याचा उलटा पीळ कोणाच्या हातावर येतो आणि त्याची धूळ कोणाच्या छातीत जाते?